‘ध’ चा ‘मा’ झाला, पण तो कागद कुठे आहे?

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘ध चा मा’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. राघोबादादांनी गारद्यांना लिहून दिले होते, ‘नारायणरावांस धरावे’. आनंदीबाईंनी लेखणी उचलली, ‘ध’ चा ‘मा’ केला आणि धरावेचे मारावे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून पडला. ही गोष्ट नाटकांत आली, कादंबऱ्यांत आली, शाळेत मास्तरांनी रंगवून सांगितली आणि शेवटी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. ज्यांना नारायणरावांचे नावही धड ठाऊक नाही, तेसुद्धा कचेरीत एखादा शब्द बदलला की ‘ध चा मा’ म्हणून मोकळे होतात.

खून झाला यात शंका नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष राघोबादादांच्या पदरात घातला, हेही सर्वमान्य आहे. पण खाडाखोड केलेला तो कागद? साताऱ्याच्या दरबारी राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात ही हकीकत आली. म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. मूळ चिठ्ठी मात्र आजवर कोणत्याही दफ्तरात मिळालेली नाही. आनंदीबाईंनी अक्षर बदललेच नसेल, असे यावरून सिद्ध होत नाही. पण अडीचशे वर्षे एका बाईच्या कपाळी जो डाग बसला आहे, त्याचा लेखी पुरावा आपल्यापाशी नाही, एवढे खरे.

आणि पुरावा नाही म्हणावे, तर कागद थोडेथोडके आहेत असेही नाही!

चार कोटी कागदांचे घर

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर ठेवलेले आहे. चौकोनी कापडात कागदांच्या गड्ड्या बांधून ठेवायची जुनी पद्धत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे सुमारे ३५ हजार रुमाल इथे आहेत आणि त्यांतल्या कागदांची संख्या अंदाजे चार कोटी सांगितली जाते. बहुतेक कागद मोडी लिपीतले, बोरूने झरझर लिहिलेले.

हे सारे वाचले कसे, याची कथा मोठी मजेदार आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मुलुख कंपनी सरकारच्या ताब्यात आला. एल्फिन्स्टनसाहेबापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो सारावसुलीचा. कोणत्या गावाचा आकार किती, कोणाला इनाम आहे, कोणाला वर्षासन, कोणत्या देवळाला दिवाबत्तीची नेमणूक? ज्याला त्याला विचारावे तर जो तो आपले इनाम पिढीजात असल्याचे सांगणार. तेव्हा पेशव्यांचे दफ्तर गोळा करून त्यावर पहारा बसला. पुढे १८५० नंतर इनाम कमिशनने तर घरोघरीच्या सनदा मागवून त्या याच दफ्तराशी ताडून पाहिल्या. दफ्तरात नोंद सापडली तर इनाम टिकले, नाही तर गेले. अनेक घराणी त्या एका तपासणीत उघड्यावर आली.

थोडक्यात, इतिहास जपायचा म्हणून हे कागद कोणी जपले नाहीत. पैसा जपायचा म्हणून जपले. अभ्यासकांना तर दफ्तराचे दार बरीच वर्षे किलकिलेच होते. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड संपादून छापले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला आत डोकावता आले. त्यामागे बंगालचे थोर इतिहासकार जदुनाथ सरकार यांची प्रेरणा होती. पण ४५ खंड म्हणजे या सागरातली एक घागर.

नांगराची सही, आरशाची सही

आता प्रश्न असा, की या रुमालांत असते काय? लढाया आणि तह असतील अशी आपली कल्पना. ते आहेतच, पण बहुतांश मजकूर हिशेबाचा आहे. गावाचा ताळेबंद, जमाबंदी, रोजकीर्द, घोड्यांच्या चंदीचा खर्च, ब्राह्मणांची दक्षिणा, वाड्यातल्या लग्नाला लागलेले तूप. वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी जांभया येतात. चौथ्या दिवशी मात्र त्यातून माणसे दिसू लागतात.

सर्वांत जिवंत कागद म्हणजे महजर आणि निवाडपत्रे. पाटीलकी कोणाची, थोरल्या भावाची की धाकट्याची, असा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, आणि त्यांच्याबरोबर बलुतेदारही. निकाल लिहून झाला की सगळ्यांच्या साक्षी. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याचे चित्र काढी. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका न्हाव्याने शाईत काढलेला तो वेडावाकडा आरसा पाहिला की कोणत्याही वीराच्या तलवारीपेक्षा तो जवळचा वाटतो, निदान प्रस्तुत लेखकाला तरी.

साक्षीपुराव्याने निकाल लागेना तर दिव्य. त्याचा एक प्रकार ‘रवा काढणे’. उकळत्या तेलात धातूचा तुकडा टाकायचा, वादीने तो हाताने बाहेर काढायचा, मग हात पिशवीत घालून वर मोहर करायची आणि दोन-तीन दिवसांनी सर्वांसमक्ष पिशवी उघडायची. हात शाबूत तर वतन त्याचे. निकालानंतर जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. म्हणजे न्याय कोणाचाही होवो, सरकारच्या पेटीत भर पडायचीच! आजच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

याच कागदांत काळी बाजूही आहे. कुणबिणी, म्हणजे दासी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायका, त्यांच्या किमती मांडलेल्या सापडतात. कारकुनाच्या हातून ती ओळ इतर खर्चाच्या ओळींसारखीच, त्याच वळणदार अक्षरात उतरलेली असते. बखरकार असल्या गोष्टी लिहीत नाही, कारण त्याला धन्याची कीर्ती गायची असते. कारकुनाला कीर्तीशी कर्तव्य नसते. जपानचे हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या अभ्यासकाने मराठी कागदांच्या आधारे दख्खनचे गाव, जात आणि राज्यसत्ता यांच्यावर आयुष्यभर लिहिले. त्यांचे ‘द मिडिव्हल डेक्कन’ हे पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. टोकियोकडचा माणूस आपल्या पाटील-बलुतेदारांत रमतो आणि आपण मात्र आजोबांची ट्रंक उघडून पाहत नाही.

एका वर्षाचा घोळ

कागद हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. मोडी वाचता आली तरी तारखेला अडखळायला होते. मराठी दफ्तरात शुहूर सन चाले आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहीत. समजा कागदावर आहे, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६० येतो.

पण थांबा. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. मृग लागला की, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुमारास सुरू होते. शेतकऱ्याचे वर्षच ते, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. तेव्हा कागद जानेवारी ते मे या महिन्यांतला असेल तर ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तिच्या सालाला ५९९ मिळवले तर लढाई वर्षभर अलीकडे सरकते आणि सदाशिवरावभाऊ दिल्ली घेण्याआधीच मरून पडतात! हौशी मंडळींनी छापलेल्या घराण्यांच्या इतिहासांत हा एका वर्षाचा घोळ घडणे अगदी सोपे असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कागदही खोटे बोलतो. सारा वाचवण्यासाठी गावाने जमीन कमी दाखवलेली असते, पीक बुडाल्याचे जास्त रडगाणे गायलेले असते. इनाम टिकवण्यासाठी बनावट सनदा करणारेही होते. म्हणून जाणता संशोधक प्रथम पाहतो तो मजकूर नव्हे, तर हा कागद कोणी, कोणासाठी आणि काय पदरात पडावे म्हणून लिहिला ते. दोन भाऊबंदांच्या कैफियती शेजारी शेजारी ठेवल्या की दोघेही एकाच आजोबांची दोन वेगळी चरित्रे सांगत असतात. दोघांनाही जे नाइलाजाने कबूल करावे लागते, तेच बहुधा खरे असते.

साहेबाचे डोळे

दफ्तराच्या जोडीला वापरायचे दुसरे साधन म्हणजे गॅझेटियर. याची सुरुवात बंगालकडची. विल्यम हंटर नावाचा एक तरुण अधिकारी बीरभूम जिल्ह्यात नेमणुकीला होता. तिथल्या कचेरीत पडून असलेले जुने कागद त्याने उपसले आणि १७७० च्या भयंकर दुष्काळाचे चित्र त्यातून उभे केले. ‘अ‍ॅनल्स ऑफ रूरल बेंगॉल’ हे त्याचे पुस्तक १८६८ साली निघाले. पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या गॅझेटियरचे काम त्याच्याकडेच आले.

मुंबई इलाख्यात हे काम जेम्स कॅम्पबेल यांनी केले. १८७७ पासून पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे खंड निघत राहिले. रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, नाशिक १८८३, पुणे तीन भागांत १८८५. कोणता जिल्हा कोणती जोंधळ्याची जात पेरतो इथपासून कोणत्या जातीच्या लग्नाला किती खर्च येतो इथपर्यंत सारे त्यात आहे. आपल्या गावचा आठवड्याचा बाजार तेव्हा कोणत्या वारी भरे, यात्रेला किती लोक जमत, घाटातून बैलगाड्या कधीपासून जाऊ लागल्या, हे पाहायचे तर गॅझेटियरसारखे दुसरे साधन नाही.

मात्र साहेबाचे डोळे ते साहेबाचे डोळे. अमुक जात काटकसरी, तमुक आळशी असे शिक्के तो बिनदिक्कत मारतो. स्थानिक अधिकाऱ्यांनी गोळा करून पाठवलेल्या दंतकथा इतिहास म्हणून छापतो. मग तीच दंतकथा गॅझेटियरमधून गावच्या देवस्थानच्या पुस्तिकेत येते, आणि गावकरी सांगतात, ‘पाहा, सरकारी ग्रंथातही आहे!’ गोष्ट गावातून निघाली आणि मुंबईचा छापखाना पाहून गावात परत आली, इतकेच.

त्यापेक्षा कोरडे पण अधिक विश्वासाचे म्हणजे जमीन मोजणीचे अहवाल. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी व आकारणी सुरू केली. त्याआधी प्रिंगलसाहेबाची मोजणी सपशेल फसली होती. दर ३० वर्षांनी फेरआकारणी होई आणि अहवालात मागच्या वेळचे व आताचे आकडे शेजारी मांडलेले असत: घरे किती, विहिरी किती, नांगर, गाड्या, गुरे किती. गावाच्या एका पिढीचा जमाखर्चच तो. आपला सातबाराचा उतारा याच वंशातला.

एकाच गावाकडे दोनदा पाहण्याचा एक सुंदर नमुना पुण्याजवळच आहे. पेशवाई बुडाल्यावर दोनएक वर्षांतच थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने नगर रस्त्यावरच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी लिहून ठेवली. घरे, अवजारे, खाणेपिणे आणि शेतकऱ्यांच्या डोक्यावरचे कर्जसुद्धा. सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० मध्ये पुस्तक छापले. कोट्सने तेव्हा कंटाळा केला असता तर घुर्ये तुलना कशाशी करणार होते?

देशमुखांच्या घरची टिपणे

सरकारी दफ्तर कितीही मोठे असले तरी ते सरकारच्याच कामाचे बोलते. उरलेले घराघरांत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे ओळखून गावोगाव भटकले, ओसऱ्यांवर बसले, माळ्यांवर चढले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले आणि १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

घरगुती टिपणाची ताकद किती, याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. शिवरायांच्या जन्माचे साल बखरींतून निरनिराळे येत होते. भोरजवळच्या कारी गावी जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. म्हणजे सालवार घडामोडींची कोरडी टिपणे, ना अलंकार ना स्तुती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकट्या शकावलीवर कोणी विश्वास ठेवला नसता. पण पुढे दूर जोधपूरला जुन्या पत्रिकांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, ती या तिथीशी जुळली. मावळातल्या देशमुखाने आणि राजस्थानातल्या ज्योतिषाने एकमेकांशी संगनमत केले असेल हे संभवत नाही. पुढे सरकारी शिवजयंतीलाही हीच तारीख आली.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी आपल्याकडे काही नाही असे समजू नये. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचा दरबार होता आणि कारभार मोडीत चाले. ते रुमाल आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास चक्क बृहदीश्वराच्या देवळात दगडावर मराठीत कोरून घेतला. कर्नाटक-आंध्राकडे कर्नल मॅकेंझी आणि त्यांच्या देशी साहाय्यकांनी गावोगावच्या कैफियती गोळा केल्या, त्यांचा मोठा भाग चेन्नईला आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी कागदांत मराठी भरपूर. मराठवाड्याचे जुने महसुली कागद पाहायचे तर वाट हैदराबादकडे जाते आणि उर्दू-फारसी वाचणारा सोबत लागतो.

पणजोबांची जात, पणजोबांचा जन्म

हे सगळे पंडितांचे काम, आपल्याला काय त्याचे, असे २०२३ पर्यंत म्हणता येत होते. त्या वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. तहसील कचेऱ्यांतली धुळीने माखलेली बाडे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द आझाद मैदानापासून खेड्यातल्या पारापर्यंत पोचला. मागणीच्या बाजूने कोणी असो वा विरोधात, शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाने रकान्यात काय लिहिले, यावर आज नातवंडा-पतवंडांचे प्रवेश आणि नोकऱ्या लटकल्या आहेत. त्या कारकुनाला हे कोणी सांगितले असते तर त्याने अक्षर जरा सुवाच्य काढले असते.

स्वतःच्या घराण्याचा माग काढायचा असेल तर सुरुवात पेशवे दफ्तरापासून करू नये. तिथे हरवायला होते. आधी घरातले वृद्ध, मग घरातले कागद, आणि छापील कुलवृत्तांत असेल तर तो. पण त्यातल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांवर हातचा राखूनच विश्वास ठेवावा. त्यानंतर तहसील कचेरी. गाव नमुना १४, ज्याला खेड्यात कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफाराची नोंदवही, सिटी सर्व्हेचे उतारे हे पुढचे टप्पे. गावाचे आजचे नाव आणि तालुका पुरत नाही. पूर्वीचा परगणा कोणता, तर्फ कोणती हे गॅझेटियरमधून काढून न्यावे, कारण पुरालेखागारात रुमाल परगण्याच्या नावाने सापडतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्याची पुरालेखागारे आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही चालवते. १९५० च्या आसपासपर्यंत शाळेत शिकवली जाणारी ही लिपी चिकाटी असली तर काही महिन्यांत बरीच हाती येते. वळणापेक्षा त्रास होतो तो शब्द न तोडता लिहिण्याच्या सवयीचा.

घरात जुने कागद असतील तर त्यांना सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि कोणाला वाचायला द्यायचे तर आधी प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मगच द्या. पाठीमागची बाजू विसरू नका. हुकूम पुढे असतो. पण तो कोणत्या दिवशी कोणत्या कचेरीत पोचला, कोणी नोंदवला, त्याचे शेरे आणि शिक्के बरेचदा मागेच सापडतात.